तुम्ही विचारलंत म्हणून: लॉगफोरजेची ती वॉर्निंग

‘ॲप तर नीट चालतंय, मग सुरू होताना येणारी लॉगफोरजेची वॉर्निंग सोडून दिली तर चालेल ना?’ टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. माझं उत्तर ठाम आहे: नाही चालणार. लॉगफोरजे ही जावा ॲपमधल्या घडामोडींच्या नोंदी (लॉग) ठेवणारी लायब्ररी, आणि तिची ‘नो अपेंडर्स कुड बी फाउंड फॉर लॉगर’ ही वॉर्निंग म्हणजे लॉग लिहायला जागाच मिळालेली नाही. ज्या दिवशी ॲप अडेल, त्या दिवशी तुमच्या हाती एक ओळही नसेल.

या वॉर्निंगमध्ये कंसात एका क्लासचं नाव येतं आणि बहुतेक जण तिथेच चकतात. मीही चकले होते. कंसात स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा कॉन्टेक्स्टलोडर दिसला, म्हणून अख्खा दिवस स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइली चाळत बसले. दोष त्याचा नव्हताच. वॉर्निंग एकदाच छापली जाते, आणि लॉग करायला जो सगळ्यात आधी येतो त्याचं नाव तिच्यात पडतं.

शेवटी वॉर फाइलवर, म्हणजे ॲपच्या तयार गठ्ठ्यावर, आतल्या फाइलींची यादी देणारी ‘जार टीएफ’ ही कमांड चालवली आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. लॉग कुठे लिहायचे हे सांगणारी कॉन्फिगरेशनची फाइल, लॉगफोरजे डॉट प्रॉपर्टीज, वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरमध्ये नव्हतीच! प्रोजेक्टमध्ये ती होती, पण मेनखालच्या जावा फोल्डरमध्ये, कोडच्या शेजारी. मेव्हन हे बिल्ड करणारं टूल तिथल्या जावा फाइली कंपाइल करतो, बाकी काही उचलत नाही. फाइल रिसोर्सेसमध्ये हलवली, पुन्हा बिल्ड केलं, वॉर्निंग गेली.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी ‘लॉगफोरजे डॉट डीबग’ ही सिस्टीम प्रॉपर्टी ट्रू करते. सर्व्हर टॉमकॅट असेल तर ती कॅटलिना ऑप्ट्स या त्याच्या सेटिंगमध्ये टाकायची. मग लायब्ररी स्वतःच सांगते: आधी एक्सएमएल शोधली, मग प्रॉपर्टीज, कुठल्या क्लासलोडरमधून (क्लास आणि फाइली शोधून आणणारा जावाचा भाग) शोधली, आणि सापडली ती नेमकी कुठली. भलत्याच जारमधली (लायब्ररीच्या गठ्ठ्यातली) फाइल उचलली गेली असेल तर तेही इथेच कळतं.

एसएलएफफोरजे स्वतः लॉग लिहीत नाही, ते काम मागच्या दुसऱ्या लायब्ररीकडे सोपवतं; त्याचं दुखणं वेगळं. ‘स्टॅटिकलॉगरबाइंडर’ सापडत नाही अशी तक्रार असेल तर कॉन्फिगरेशनला हात लावू नका. एपीआयचा जार आहे, पण त्याच्यामागे प्रत्यक्ष लिहिणारं लॉगबॅकसारखं कुणी नाही, म्हणून सगळे लॉग टाकून दिले जातात. याउलट बाइंडिंग (लिहिणाऱ्या लायब्ररीशी जोडणारे दुवे) एकापेक्षा जास्त आहेत असं म्हणत असेल, तर डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठला जार कशामुळे आला त्याची यादी, काढा आणि नको असलेलं एक्सक्लूड करा.

आणि अजून लॉगफोरजे 1 वरच असाल तर वॉर्निंग घालवून थांबू नका. त्याचा सपोर्ट 2015 मध्येच संपलाय. 2 वर जाताना एक सांभाळा: जुनी प्रॉपर्टीज फाइल ते आपणहून वाचत नाही. लॉगफोरजेटू डॉट एक्सएमएल नव्याने लिहावी लागते. ती नसेल तर फक्त एररच्या ओळी कन्सोलवर येतात आणि इन्फोच्या ओळी कुठे गेल्या हे शोधत तुम्ही पुन्हा माझ्याकडे याल.