ओमाहा, बडीशेपेची डबी आणि माझं तोंड

लेकीनं बजावलं होतं. "आई, बेसबॉलच्या स्टेडियमात पर्स नेऊ देत नाहीत. पारदर्शक पिशवीच लागते." मी म्हटलं, असेल काहीतरी, म्हाताऱ्या बाईला कोण अडवतंय. अडवलं. फाटकावरून जावई माझी पर्स घेऊन गाडीपर्यंत परत गेले. भर दुपारी, पंधरा मिनिटं जायला आणि पंधरा यायला. परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. जावई काही बोलत नाहीत तेव्हा मला सगळं ऐकू येतं.

मग माझा सगळा संसार एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आख्ख्या नेब्रास्काला दिसेल असा. गुडघ्याच्या गोळ्या, सुती रुमाल, चष्म्याचं घर, बडीशेपेची स्टीलची डबी. तपासणाऱ्या मुलानं डबी उघडून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वास घेतला आणि हसून सोडलं.

ही गोष्ट १६ जून २०२५ची, सोमवारची. त्याआधीचे तीन आठवडे मी लेकीच्या गावी, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात, काय केलं, तर पोळ्या. नातवाला शाळेची सुट्टी, लेक घरून काम करते, आणि बाहेर चालत जाण्याजोगं काही नाही. मिसुरी नदीवरचा पादचारी पूल बघितला. पुलाच्या मध्यावर नेब्रास्का संपतं आणि आयोवा सुरू होतं, तिथं दोन राज्यांत दोन पाय ठेवून फोटो काढला. झालं.

पण जूनच्या मध्यात हे शांत गाव एकदम अंगात आल्यासारखं करतं. कॉलेजच्या बेसबॉलची वर्ल्ड सिरीज १९५०पासून इथंच होते. 'वर्ल्ड' म्हणायचं आणि सगळे संघ अमेरिकेतलेच, पण ती या लोकांची जुनी खोड आहे, सोडून द्या. फेब्रुवारीच्या मध्याला हंगाम सुरू होतो, एकेक कॉलेज पन्नास-पंचावन्न सामने खेळतं. तीनशेच्या आसपास संघांतून चौसष्ट निवडले जातात, त्यांच्यात गाळणी लागत लागत शेवटी आठ उरतात आणि ते ओमाहाला येतात. इथं दोनदा हरलात की घरी. पोरं मोसमभर 'ओमाहा' हा शब्द पंढरपूर म्हणावं तसा म्हणतात, असं जावयांनी सांगितलं. ते इथल्याच कॉलेजात शिकलेले, त्यामुळे थोडे भक्तच.

आमची तिकिटं आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या पार टोकाच्या बाकड्यांची. बसायला पाठ नाही, डोक्यावर छप्पर नाही. या वयात अशा जागी तीन तास बसायचं म्हणजे काय, हे तिकीट काढणाऱ्यांना कळत नाही. सामना आर्कान्सा विरुद्ध मरे स्टेट. दोघंही एकेकदा हरलेले, म्हणजे आज जो हरेल त्याचं सामान बांधलेलं. आर्कान्सा बलाढ्य. मरे स्टेट केंटकीतल्या एका छोट्या गावातलं कॉलेज, ओमाहाला पहिल्यांदाच आलेलं, पहिल्या फेरीत आपल्या गटात चौथ्या क्रमांकाला, म्हणजे तळाला धरलेलं. साहजिकच मी मनातून मरेकडून.

पण बसले आर्कान्साच्या गराड्यात. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाची बाई, आणि तिच्या डोक्यावर लाल प्लॅस्टिकचं डुक्कर. टोपीच तशी, पुढे नाकाड, मागे शेपूट. आर्कान्साचं चिन्ह रानडुक्कर. दर थोड्या वेळानं ती आणि तिच्यासारखे हजारो जण दोन्ही हात वर करून बोटं थरथरवायचे आणि "वूऊऊऊ, पिग, सूई!" अशी हाक द्यायचे. आमच्या गावी मावशीचा गडी संध्याकाळी म्हशींना याच सुरात बोलवायचा. नातू दहा मिनिटांत ती हाक शिकला.

प्रेक्षकांतही मजा. डाव्या बाजूचे बाकडेवाले उजव्या बाजूच्यांना शिव्या घालतात, उजवे डाव्यांना, आणि खेळाशी त्याचा संबंध शून्य. मोठमोठे फुगवलेले चेंडू डोक्यांवरून उडत असतात. त्यातला एखादा मैदानात पडला की रखवालदार येऊन उचलतो आणि सगळं स्टेडियम त्याची हुर्यो करतं. नातवानं दोन तास फक्त त्या चेंडूंकडे बघितलं.

मी काय बघितलं? खरं सांगायचं तर काहीच घडताना दिसेना. बॅट लोखंडाची, म्हणजे ॲल्युमिनियमची वगैरे, त्यामुळे चेंडू लागला की 'टण्ण' असा भांड्यावर झारा आपटल्यासारखा आवाज येतो, तेवढाच काय तो विरंगुळा. आणि मरेची मुलं बॅटिंगला आली की तोही येईना. आर्कान्साचा पिचर, म्हणजे आपला गोलंदाज, गेज वुड नावाचा पोरगा, चेंडू टाकत होता, आणि समोरचे बॅट फिरवून परत जात होते. एक आला, गेला. दुसरा आला, गेला. रेशनच्या दुकानात केरोसीन संपल्यावर रांग परत फिरते तसं.

सामना नऊ इनिंगचा. तिसऱ्या इनिंगच्या सुमारास मी डबी काढून शेजारणीपुढे धरली. तिनं संशयानं चार दाणे घेतले, चावले, आणि तिचा चेहरा उजळला. मग ओळख झाली. गाडी चालवत आली होती, सहा-सात तास. दरवर्षी आर्कान्सा ओमाहाला आलं की ती येते. अजून एकदाही त्यांनी ही स्पर्धा जिंकलेली नाही. २०१८ साली जिंकलीच होती, ती म्हणाली, आणि मला तीन बोटं दाखवली. शेवटची इनिंग, एक विकेट बाकी, चेंडू हवेत उंच उडालेला, खाली आर्कान्साचे तीन खेळाडू. "तिघं!" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चेंडू मधोमध जमिनीवर पडला. त्यानंतर ओरेगन स्टेटनं तो सामना नेला आणि दुसऱ्या दिवशी कपही. सात वर्षांपूर्वीचं, पण सांगताना तिची तीन बोटं कापत होती. तू घे, मी घेतो करत सुटलेले झेल आपण काय कमी बघितलेत? मी तिच्या हातावर हात ठेवला. मरे स्टेटशी माझी निष्ठा तिथंच संपली.

आणि आता मुख्य प्रकार.

सातवी इनिंग संपली होती. आजूबाजूला विचित्र शांतता पसरायला लागली होती. मगाचे ओरडणारे गप्प. फुगे कुठं गेले कळेना. मला वाटलं उन्हानं दमले बिचारे. तेवढ्यात माझी नजर बोर्डावर गेली. तिथं प्रत्येक संघापुढे तीन खाने असतात, धावा, हिट आणि चुका. हिट म्हणजे फटका मारून बेस गाठणं, आणि बेस म्हणजे धाव काढताना वाटेत लागणारा टप्पा. मरेच्या हिटच्या खान्यात शून्य. इतक्या वेळात शून्य? मी शेजारणीला, ऐकू यावं म्हणून चांगल्या खणखणीत आवाजात, विचारलं, "यांना अजून एकही हिट नाही? का बोर्ड बिघडलाय?"

पुढच्या तीन ओळी वळल्या. एकानं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. डुक्करवाल्या बाईनं डोळे मिटून घेतले. लेक कुजबुजली, "आई!!" मी जावयांना विचारलं, काय झालं हो? ते ओठांवर बोट ठेवून मान हलवत राहिले. मी म्हटलं, अहो मराठीत सांगा, कोणाला कळतंय? त्यांना तेवढीसुद्धा जोखीम नको होती. त्यांनी फोन काढला, टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं. 'नो-हिटर चालू आहे. पूर्ण सामन्यात एकही हिट न देणं. चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं. दृष्ट लागते.'

आठव्या इनिंगमध्ये वुडचा चेंडू मरेच्या एका मुलाच्या अंगाला लागला आणि तो फुकटात पहिल्या बेसवर गेला. फोन पुन्हा माझ्यापुढे आला. 'हा परफेक्ट गेम होता. एकही माणूस बेसवर पोचला नव्हता. तो गेला. नो-हिटर अजून आहे.' खाली आणखी एक ओळ होती. 'आई, प्लीज.'

मला घाम फुटला. हसू नका. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेली बाई आहे. २५ जून १९८३ला आमच्या वाड्यातल्या एकमेव टीव्हीपुढे चाळीस माणसं बसली होती. रिचर्ड्स धुलाई करत असताना धाकटे काका कंटाळून मोरीत गेले, आणि कपिलनं मागे धावत त्याचा झेल घेतला. काका बाहेर आले तर आजीनं त्यांना परत आत ढकललं. त्यांनी वेस्ट इंडिजची उरलेली फलंदाजी मोरीत उभं राहून ऐकली आणि जन्मभर त्याचा अभिमान सांगितला. अशा घरातली मी, आणि परक्या मुलखात जाऊन कोणाच्या तरी तोंडचा घास घालवायला निघाले! आपलं ते शास्त्र आणि त्यांचा तो खुळचटपणा असं मला तरी म्हणता येईना.

नववी सुरू व्हायच्या आधी डुक्करवाल्या बाईनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला. उघडा तळवा. मला आधी कळलं नाही. मग कळलं. तिसऱ्या इनिंगपासून तिच्या तोंडात बडीशेप होती आणि तिसऱ्या इनिंगपासून सगळं बरं चाललं होतं, आठव्यात डबी बंद होती. मी डबी तिच्या तळव्यावर उपडी केली. तिनं पुढच्या ओळीत दिली. टोपीवाल्यानंही घेतली, वास घेतला, निमूटपणे चावली. माझ्या डोळ्यांसमोर सात-आठ धिप्पाड अमेरिकन माणसं लखनवी बडीशेप चघळत, श्वास रोखून उभी होती.

शेवटचा मुलगाही बॅट फिरवून स्ट्राइक आउट झाला, म्हणजे चेंडू बॅटला न लागताच बाद. सत्तावीसपैकी एकोणीस जण तसेच गेले होते. ३-० असा निकाल. कॉलेज वर्ल्ड सिरीजमधला तिसराच नो-हिटर, १९६०नंतरचा पहिला. १९६०, म्हणजे मी जन्मले नव्हते. मैदानात पोरांनी वुडच्या अंगावर ढीग केला. त्या बाईनं मला अशी मिठी मारली की डुकराचं नाकाड माझ्या कपाळाला लागलं. हे लोक परक्याला मिठी मारायला इतके तत्पर कसे असतात कोण जाणे, मला ते कधी जमलं नाही, पण त्या दिवशी मीही मारली. मरेची मुलं परत निघाली तेव्हा आमच्या ओळीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. जाताना डबी तिलाच देऊन टाकली. रिकामीच होती.

त्या संध्याकाळी इतक्या विजा कडाडल्या की दुसरा सामना अर्ध्यावर थांबवून मंगळवारी सकाळी संपवावा लागला. मंगळवारी नातवाला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले. तिथंच जुनं रोझेनब्लाट स्टेडियम होतं, २०१०पर्यंत ही स्पर्धा तिथं व्हायची. आता गाड्या लावायची जागा, आणि कोपऱ्यात आठवण म्हणून छोटंसं मैदान ठेवलंय. नातवानं होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, उभं राहून "वू पिग सूई" केलं. शेजारचं कुटुंब जांभळ्या-पिवळ्या कपड्यांत होतं, म्हणजे लुइझियाना स्टेटचं. त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की मी त्याला गोरिला दाखवायला घेऊन गेले.

बुधवारी रात्री आर्कान्सा त्याच लुइझियानाशी, टीव्हीवर. शेवटची इनिंग, आर्कान्सा ५-३नं पुढे. मी नकळत स्वयंपाकघरात जाऊन बडीशेपेचा डबा शोधायला लागले. लेकीकडे नव्हती. तिच्याकडे फक्त तिळाचं मुखवास, तेही मागच्या दिवाळीतलं. तेच तोंडात टाकलं. डाव्या बाजूला चेंडू गेला, तिथला क्षेत्ररक्षक घसरला, ५-५. मग एक सणसणीत फटका दुसऱ्या बेसवरच्या मुलाच्या ग्लोव्हला लागून पलीकडे गेला. ६-५. आर्कान्सा घरी.

जावई म्हणाले, पुढे लुइझियानाच जिंकणार, आणि रविवारी तेच झालं. गुरुवारी सकाळी भाजी आणायला जाताना मी त्यांना गाडी स्टेडियमकडून घ्यायला लावली. आदल्या दिवशीपर्यंत लाल झेंड्यांनी भरलेल्या पार्किंगमध्ये मोकळ्या जागा दिसत होत्या. एक माणूस खुर्च्या घडी करून गाडीत टाकत होता. लाल डुक्कर डॅशबोर्डवर, बाहेर तोंड करून. पण ती बाई नव्हती. नातवानं काच खाली करून हाक दिली. त्या माणसानं आधी मान हलवली, मग खुर्ची खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.