स्ट्रॅडलची गळती सापडली

शनिवारी पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर सहा तास पोकरला बसलो. रात्री वही काढून बेरीज केली. मागच्या दोन नोंदींत हरण्याबद्दल मी स्ट्रॅडलला (पत्ते वाटायच्या आधीच लावायच्या जादा रकमेला) उगाच दोष दिला. माझे पैसे हातात येणाऱ्या छोट्या जोड्यांतून (दोन छक्क्यांसारख्या) गळतायत.

टेबल १००/२००चं, म्हणजे दोघांना सक्तीने आधी लावावे लागणारे ‘ब्लाइंड’ १०० आणि २००. माझ्यापुढे २०,०००. सगळ्यांनी स्ट्रॅडलची फेरी लावलेली, म्हणजे ब्लाइंडच्या लगेच पुढच्याने (अंडर द गन) पत्ते वाटायच्या आधीच ४०० सरकवायचे. एकाने वाढवून (रेझ) १२०० केले, मी छक्कीच्या जोडीवर कॉल (तेवढेच लावले), स्ट्रॅडलवाल्याचाही कॉल. पॉट ३९००, मागे उरले १८,८००. पॉटच्या पाचपटसुद्धा नाही! स्ट्रॅडल नसता तर रेझ ६००चा झाला असता. तिसरा कॉल बिग ब्लाइंडचा (२००वाल्याचा) धरला तर पॉट १९००, मागे १९,४००, म्हणजे दहापट. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) सेट, म्हणजे जोडीला तिसरा तसाच पत्ता, साडेआठ वेळांतून एकदा लागतो, आणि लागला तरी समोरचा दर वेळी अख्खा स्टॅक (पुढ्यातले सगळे पैसे) थोडाच देतो? ६००ला हा जुगाड चालतो, १२००ला नाही. तीन बैठकांत असे नऊ कॉल केले. सेट एकदाच लागला, तेव्हाही फ्लॉपवर पैसे लावताच समोरच्या दोघांनी पत्ते टाकले.

मग मी ते का करत होतो? उत्तर मावसभावाने दिलं. तो म्हापशाचा, गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी, म्हणून आमचा सराव त्याच्या घरी, बिनपैशाचा.  तो म्हणाला, ‘‘दादा, ब्लाइंडवाल्याला अर्धीच चाल ना?’’ तिथे डोक्यात उजेड पडला. दिवाळीच्या तीन पत्तीत पत्ते बघणाऱ्याला दुप्पट चाल द्यावी लागते, म्हणून न बघता खेळणाऱ्या ब्लाइंडचा दबाव असतो. पोकरमध्ये स्ट्रॅडलवालाही पत्ते न बघताच लावतो, पण त्याला तशी सवलतच नाही. स्ट्रॅडलवाल्याला फ्लॉपआधी शेवटची पाळी मिळते, एवढंच. फ्लॉपनंतर त्याच्या आधी बोलणारे फक्त दोन ब्लाइंड. त्याच्या ४००ला घाबरून किंवा भुलून मी पत्ते धरून बसायचो.

शेवटच्या तासात छक्कीची जोडी पुन्हा आली. समोर १२००. दोन बोटं पत्त्यांवर ठेवून मी मोजलं आणि पत्ते सरकवून दिले. फ्लॉपवर छक्की आली नाही, पण आली असती तरी मला चाललं असतं. पुढच्याच फेरीत एक्का-राणीवर मी स्वतः १६०० केले, राणी लागली, दोन स्ट्रीटमध्ये (बोलीच्या फेऱ्यांत) काम झालं. पॉटच्या मानाने मागे पैसे कमी असले की वरची जोडीच (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली) चालते.

पुढच्या वेळी ४०,००० घेऊन बसायचं असं वर लिहिणार होतो, म्हणजे १०० स्ट्रॅडल होतात. पण आत्ता लिहिताना सुचलं, समोरच्याकडे १८,०००च असतील तर माझे ४०,००० काय कामाचे? तेव्हा आधी टेबलाभोवती एक चक्कर मारून सगळ्यांचे स्टॅक बघणार. दोन-तीन जण खोल (मोठ्या स्टॅकचे) असतील तरच मोठा बाय-इन (घेऊन बसायची रक्कम), आणि छोट्या जोड्या फक्त त्यांच्याविरुद्ध. नसतील तर २०,०००च, आणि अठ्ठीच्या खालच्या जोड्या रेझ दिसला की खाली.