मैलाचे दगड इतके, की रस्ताच दिसेना

पुस्तकांच्या दुकानात ओळीने दहा मराठी कादंबऱ्या उलट्या करून मलपृष्ठावरचा मजकूर, म्हणजे पाठराखण, वाचा. 'मैलाचा दगड', 'दाहक वास्तव', 'अंतर्मुख करणारी', 'वाचकाला खिळवून ठेवणारी', 'एका बैठकीत संपवावी अशी' हेच शब्द फिरून फिरून भेटतात. त्यातला शेवटचा दावा तर साध्या हिशेबानेच निकालात निघतो. मिनिटाला एक पान या वेगाने वाचलं तरी सातशे पानांना साडेअकरा तासांहून जास्त वेळ लागतो. जेवणखाण न करता, एका जागी बसून!

अशा मजकुरासाठी सर्वात सोपी कसोटी म्हणजे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव बोटाने झाकून तो वाचणे. उरलेली वाक्यं शेजारच्या पुस्तकालाही चालत असतील, तर त्यांनी आपल्याला काहीच सांगितलेलं नाही. गाव कोणतं, काळ कोणता, माणसं काय धंदा करतात, गोष्ट कोण सांगतंय, असं काही सापडलं तर ते वाक्य ठेवायचं, बाकीची सोडायची. बहुतेक मलपृष्ठांवर ठेवण्याजोगी एक-दोन वाक्यंच उरतात.

मग पाहायची ती तीन टिंबं. अवतरणातली टिंबं म्हणजे तिथे काहीतरी कापलंय. समजा, प्रस्तावनाकाराने लिहिलं आहे: 'पहिली शंभर पानं विलक्षण ताकदीची आहेत, पुढे मात्र लेखकाची पकड सुटते.' मलपृष्ठावर येतं: 'विलक्षण ताकदीची...' यात खोटं एक अक्षर नाही, तरीही वाचक फसतो. प्रस्तावना पुस्तकातच असेल तर दुकानातच ते वाक्य शोधा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मूळ वाक्यात 'जर', 'मात्र', 'तरी' यांपैकी काही आढळलं, तर पुस्तकाबद्दलची खरी माहिती नेमकी तिथेच असते.

कौतुक कोणत्या पुस्तकाचं आहे, हे तर पाहायलाच हवं. याचा जुना आणि ठसठशीत नमुना अमेरिकेतला आहे. कवी वॉल्ट व्हिटमनने 1855 साली 'लीव्हज ऑफ ग्रास' काढलं तेव्हा त्यात 12 कविता होत्या. ते वाचून त्या काळचा नामवंत लेखक-विचारवंत इमर्सन याने त्याला खाजगी पत्र लिहिलं. 1856 च्या दुसऱ्या आवृत्तीत कविता झाल्या 32, आणि तिच्या कण्यावर, म्हणजे कपाटात उभं ठेवल्यावर पुस्तकाची जी कड दिसते तिच्यावर, सोनेरी अक्षरांत इमर्सनच्या पत्रातलं वाक्य झळकलं: एका थोर कारकिर्दीच्या आरंभी मी तुमचं स्वागत करतो. इमर्सनची परवानगी घेतलेली नव्हती. म्हणजे पत्र लिहिताना ज्या 20 कविता त्याच्यासमोर नव्हत्याच, त्यांच्याही कण्यावर त्याचं नाव चढलं.

आपल्याकडे अनुवादित पुस्तकांत हेच रोज घडतं. परदेशी वृत्तपत्रांचे अभिप्राय, 'लाखो प्रती खपल्या' ही ओळ, हे सगळं मूळ पुस्तकाबद्दल असतं. मराठी अनुवाद कसा उतरला आहे, याबद्दल त्यात चकार शब्द नसतो, आणि आपण तर विकत घेतो अनुवादच. म्हणून मलपृष्ठ सोडून मधलं एखादं संवादाचं पान उघडावं आणि पुटपुटत वाचावं. वाक्यं जिभेवर अडखळली, तर पुस्तक घरी नेल्यावरही ती अडखळणारच.

पुरस्कारांच्या ओळीत गोंधळ फार असतो. 'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त' एवढंच छापलं असेल तर दोन प्रश्न विचारा. पुरस्कार या पुस्तकाला की लेखकाच्या आधीच्या पुस्तकाला? आणि अकादमीचा नेमका कोणता? मुख्य पुरस्कार वेगळा, 1989 पासूनचा अनुवाद पुरस्कार वेगळा, 2010 पासूनचा बालसाहित्य आणि 2011 पासूनचा युवा पुरस्कारही वेगळा. सगळेच मानाचे आहेत, म्हणूनच नाव पूर्ण छापायला हवं. पुलित्झर या अमेरिकी पुरस्काराबाबतच्या 'पुलित्झरसाठी नामांकित' या ओळीचीही तीच गत. तिथे पुस्तक स्पर्धेला पाठवलं म्हणून ते नामांकित होत नाही. अंतिम फेरीत निवडलेल्यांनाच तो शब्द लावावा, असं पुलित्झरवाले स्वतः सांगतात.

'सातवी आवृत्ती' हा शिक्का सर्वात जास्त दिशाभूल करतो असं माझं मत आहे, कारण आकडा दिसला की आपण शंका घेत नाही. एका आवृत्तीत प्रती किती, हे कळल्याशिवाय सात या आकड्याला काहीच अर्थ नाही. डिजिटल छपाईमुळे आता शंभर-दोनशे प्रतीही एका वेळी काढता येतात. शिवाय मजकूर न बदलता पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. आवृत्ती म्हणायची तर आत काहीतरी बदललेलं हवं. आतलं प्रकाशनाच्या तपशिलांचं पान उघडून तारखा पाहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नियमाप्रमाणे बदललेल्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो, नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो. दुसरीपासून सातवीपर्यंत तोच क्रमांक असेल तर सहसा ती पुनर्मुद्रणंच असतात.

हे सगळं मी जीव तोडून सांगतो, कारण या गदारोळात मार खातं ते खरोखर चांगलं पुस्तक. त्याच्याबद्दल 'अप्रतिम' म्हणावं, तर तो शब्द शेजारच्या सुमार पुस्तकाने आधीच वापरलेला असतो.

पाठराखण लिहायची वेळ आलीच तर शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. पहिल्या दोन वाक्यांत स्थळ, काळ आणि मुख्य माणूस सांगा. मग पुस्तकातलाच तीन-चार ओळींचा उतारा द्या, न कापलेला. विशेषणं एकदा लाल पेनाने खोडून पाहा, आणि ज्याच्यावाचून वाक्य लंगडं पडतं तेवढंच परत घ्या. अभिप्राय छापलाच तर त्याखाली नाव, तो कुठे आला ते आणि वर्ष द्या. लेखकाच्या आधीच्या पुस्तकाबद्दलचा असेल तर त्या पुस्तकाचं नावही द्या, आणि तेही त्याच आकाराच्या टाइपात.