बॅंजोच्या पाटीमागे जाऊ नका: कार्टर फोल्डला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गॅलॅक्सहून हिल्टन्सला, म्हणजे कार्टर कुटुंबाच्या 'कार्टर फोल्ड' या संगीत सभागृहाला जाणार असाल तर डमॅस्कसमार्गे जाऊ नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

केन बर्न्स यांची 'कंट्री म्युझिक' ही मालिका 2019 साली पीबीएस या अमेरिकी वाहिनीवर लागली. 8 भाग, 16 तास. आम्ही दोघांनी ती टाळेबंदीत पाहिली आणि तेव्हापासून कंट्री संगीताच्या पहिल्या गायकांपैकी असलेल्या कार्टर कुटुंबाचं खोरं एकदा डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं. 2023 च्या सप्टेंबरात रॅलेहून निघालो. शुक्रवारी रात्री फ्लॉइड कंट्री स्टोअरमधली मैफल, छान झाली. हिल्टन्सचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी साडेसातला. मधला अख्खा दिवस हाताशी होता, म्हणून गाफील राहिलो.

नैऋत्य व्हर्जिनियातली संगीताची गावं जोडणारा 'क्रुकेड रोड' आहे. त्यावर बॅंजोचं चित्र असलेल्या तपकिरी पाट्या दिसतात. (आपल्या मिरवणुकीतला बॅंजो म्हणजे बुलबुलतरंग, तो हा नव्हे. हा आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यातून आला.) पाटी आहे म्हणजे रस्ता चांगला असणार, असं मी धरून चालले. पाटी संगीत कुठे आहे ते सांगते, रस्ता कसा आहे ते नाही. गॅलॅक्सहून निघणारा 58 नंबरचा रस्ता व्होल्नीपर्यंत ठीक आहे. पुढे डमॅस्कसपर्यंत वळणं, फक्त वळणं. पावसाळ्यात वरंध घाट उतरलेल्यांना त्यात काय विशेष वाटेल, पण वरंध संपतो तरी! इथे ओव्हरटेकला जागा नाही, फोनला रेंज नाही, मागे लाकडं भरलेला ट्रक. यांनी दोनदा गाडी थांबवली, मला तिसऱ्यांदा थांबवावी लागली. डमॅस्कसला उतरलो तेव्हा जेवायची इच्छाच उरली नव्हती.

सरळ आय-77 या महामार्गाने उत्तरेला वायथव्हिल गाठा, तिथून आय-81 ने ब्रिस्टल. अंतर जास्त, पण माणूस धड पोचतो. शिवाय पुढच्याच वर्षी, 2024 च्या सप्टेंबरात, हेलेन वादळाने डमॅस्कसच्या वरचा हा रस्ता फोडून टाकला. हट्टाने जायचंच असेल तर चालू आहे का ते आधी बघा. नॅशव्हिलकडून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास पुढे करायचं विसरू नये, नाहीतर पहिली गाणी गेली.

दुसरा फटका ब्रिस्टलच्या मोटेलात. तो शनिवार मोटार शर्यतीचा होता. इथल्या स्पीडवेवर लाखाहून जास्त माणूस बसतो. आम्ही महिनाभर आधी खोली घेतलेली, तरी काउंटरवर चाळीस डॉलर वर मागितले. भांडलो, शेवटी दिले. शर्यतीच्या तारखा बघूनच शनिवार ठरवा आणि ठरलेला भाव छापून जवळ ठेवा.

ब्रिस्टलची स्टेट स्ट्रीट निम्मी टेनेसीत, निम्मी व्हर्जिनियात. 1927 च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीअरने इथे टोप्यांच्या गोदामात ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं आणि ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल गायला आले. ते गोदाम आज नाही, शोधत फिरू नका. गावातलं कंट्री संगीताचं संग्रहालय चांगलं आहे, दोन तास ठेवा. मेबेल गिटारवर अंगठ्याने खालच्या सुरांत चाल वाजवायची आणि बोटांनी ठेका धरायची, ते तिथे नीट ऐका. ए. पी.बरोबर गाणी गोळा करत फिरलेल्या लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाचं नावही लक्षात ठेवा. त्याला एकदा ऐकलेली चाल पाठ व्हायची.

आणि मग फोल्ड. ब्रिस्टलहून साधारण अर्धा तास. डोंगराच्या कुशीत लाकडी सभागृह, शेजारी ए. पी.चं दुकान. दारू चालत नाही, विजेवरची वाद्यं चालत नाहीत. नियमाला अपवाद फक्त प्रसिद्ध गायक जॉनी कॅशचा, तो घरचा जावई, मेबेलची मुलगी जून हिचा नवरा. ती वारल्यावर दोन महिन्यांच्या आत, 5 जुलै 2003 ला, तो इथेच शेवटचा गायला. हे माहीत असून त्या मंचासमोर बसले तेव्हा माझे डोळे भरून आले.

पुढच्या रांगांत बसा, नाचाच्या जागेजवळ. फिडल (व्हायोलिन) सुरू झालं की सत्तरीच्या आज्या टाचांना पत्रा ठोकलेले बूट घालून उतरतात आणि जमिनीवर असा ताल धरतात की ढोलकीची आठवण यावी. एकीने माझा हात धरून ओढलं. दिवसभर पोटात ढवळत होतं, तरी नऊ वाजेपर्यंत खाली बसले नाही. रोख पैसे न्या, सपाट तळव्याचे बूट न्या.