क्लोजअप फोटोसाठी कॅमेऱ्याची सेटिंग्ज

पाऊस ओसरला की बडोद्याच्या कमाटीबागेत घाणेरीच्या झुडपांवर फुलपाखरं दिसू लागतात, आणि नवा कॅमेरा हातात आलेली मंडळी तो ऑटोवर ठेवून त्यांच्या मागे लागतात. उजेड कमी पडला की ऑटो मोड अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) सताड उघडतो. जवळून फोटो काढताना नेमकं तेच नको असतं.

मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून फोटो काढण्यासाठीच्या लेन्सने) १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर) त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ २.८ ला (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं छिद्र मोठं) स्पष्ट येणारा पट्टा पाव मिलिमीटरही जाड नसतो. एफ ८ ला तो अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर जातो. डोळा स्पष्ट आणि मिशा धूसर, असं होतं ते यामुळेच. मग थेट एफ २२ का लावू नये? कारण १:१ ला लेन्सवरचा आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो. एफ ८ हे एफ १६ सारखं वागतं, दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश उजेड जातो, आणि एफ २२ ला तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) अख्खा फोटो मऊ पडतो. म्हणून एफ ८ ते एफ ११. निकॉनच्या मॅक्रो लेन्स जवळ गेल्यावर हा वाढलेला आकडाच स्क्रीनवर दाखवतात, त्यामुळे तिथे एफ १६ दिसलं तरी दचकू नका.

आता मोड. मॅन्युअलवर एफ ८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००. सावलीत आयएसओ खुशाल १६००-३२०० पर्यंत जाऊ द्या. नॉइज (फोटोतले दाणे) घरी बसून कमी करता येतो, हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. स्टॅबिलायझेशनवर (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेवर) फार भिस्त ठेवू नका: इतक्या जवळून कॅमेरा नुसता वरखाली किंवा बाजूला सरकला तरी फोटो हलतो, आणि बऱ्याच लेन्समधली यंत्रणा फक्त कॅमेऱ्याचं कलणं सावरते.

पण आकड्यांपेक्षाही कोन महत्त्वाचा, असं आमचं ठाम मत आहे. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर त्याच्या बरोबर बाजूला जा, म्हणजे पंख आणि सेन्सर समांतर येतील. तोच एफ ८, पण अख्खा पंख स्पष्ट. कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलातून आरपार गेलेल्या रेघेची खूण असते, सेन्सर तिथे असतो. लेन्सवर लिहिलेलं किमान अंतरही तिथूनच मोजतात, काचेपासून नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या अनेक १८-५५ मिलिमीटर लेन्सचं हे अंतर २५ सेंटिमीटर आहे, म्हणजे ५५ वर झूम करून तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच जवळ जाता येतं. सुरुवातीला एवढी लेन्स पुरे.

ऑटोफोकस इथे मागे-पुढे घुटमळत बसतो. तो बंद करा, लेन्सवरची फोकसची रिंग फिरवून फुलपाखरू फ्रेममध्ये हवं तेवढं मोठं दिसेल असं ठरवा, आणि मग रिंगला हात न लावता कोपरं बरगड्यांना टेकवून स्वतःच किंचित पुढे झुका. डोळा स्पष्ट होत आला की चार-पाच फोटोंचा सलग बर्स्ट. त्यातला एखादा साधतोच. सकाळी नऊच्या आत जा, वारा पडलेला असतो.

फुलांची अडचण वेगळी. तगरीच्या पांढऱ्या फुलाने फ्रेम भरली की कॅमेरा त्याला राखाडी करतो: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ करा. तेच फूल गर्द पानांमध्ये छोटं दिसत असेल तर उलट, -१, नाहीतर पाकळ्या जळतात. लाल जास्वंदीत लाल रंगच आधी ओसंडतो आणि पाकळीच्या शिरा दिसेनाशा होतात, -०.७ करून लाल हिस्टोग्राम (लाल रंगाच्या उजेडाचा आलेख) बघा. काही जुन्या कॅननमध्ये मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालत नाही. तिथे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) लावा आणि शटरवर डोळा ठेवा.

आणखी जवळ जायचं तर एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की अर्धपट मोठेपणाची भर पडते. मात्र स्वस्त ट्यूबमध्ये विजेचे संपर्क नसतात. मग आजकालच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही, आणि वरचं एफ ८ कागदावरच राहतं. घेण्याआधी ट्यूबच्या आतल्या कडेला सोनेरी ठिपके आहेत का, ते बघून घ्या.