जे-३ कब डावीकडे ओढत होतं : टॅब वाकवण्याआधीची तपासणी

१९४६च्या पायपर जे-३ कब या छोट्या दोन सीटच्या विमानाला रडर ट्रिम, म्हणजे शेपटीवरचा दिशा देणारा उभा रडर पायाशिवाय एका जागी धरून ठेवणारी सोय, नसतोच. डाव्या भिंतीवरचं हँडल फिरवलं की शेपटीचं आडवं पातं (स्टॅबिलायझर) हलतं, पण ते नाकाच्या चढउतारासाठी. डाव्या-उजव्या ओढीवर पायलटच्या पायाशिवाय इलाज नाही. क्रूझमध्ये (सरळ, एका उंचीवरच्या प्रवासात) उजवं पेडल सतत दाबून ठेवावं लागतंय असं दिसलं की बरेच जण रडरच्या मागच्या कडेला पत्र्याचा टॅब (वाकवता येणारी छोटी पट्टी) लावून मोकळे होतात. मी तो शेवटी ठेवला. दोष दुसरीकडे असेल तर टॅब तो नुसता झाकतो.

आधी बॉल : विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी, वाकड्या काचनळीतली गोळी. ती ज्या बाजूला जाते, त्या बाजूचं पेडल हवं असतं. बहुतेक कबच्या मूळ पॅनेलवर तो नसतो. मी काचनळीतला साधा बॉल पॅनेलच्या मधोमध, मागच्या सीटवरून दिसेल असा बसवला. एकट्याने कब मागूनच उडवतात. बॉल बसवण्याआधी विमान आडवं समतल केलं. दोन्ही पंखांच्या मुळाशी असलेल्या सारख्याच फिटिंगांवर सरळ पट्टी टेकवली, वर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि एका टायरमधली थोडी हवा सोडली. कबचे टायर कमी दाबाचे आणि फुगीर, त्यामुळे हे सहज जमतं. बॉल तिरका बसला तर पुढची सगळी मोजणी वाया.

मग पहाटेच्या स्थिर हवेत चाचणी. उजवीकडचं दार बंद हवं. उघडं दार स्वतःच विमान ओढतं. स्टिकने पंख सपाट धरायचे, पाय पेडलवरून काढायचे आणि बॉल कुठे थांबतो ते तीन अवस्थांत लिहून ठेवायचं : पूर्ण पॉवरवर चढताना, २१५० आरपीएमच्या क्रूझमध्ये आणि थ्रॉटल बंद करून ताशी ६० मैल वेगाच्या ग्लाइडमध्ये (इंजिनाच्या जोराविना खाली येताना). चढताना बॉल उजवीकडे, क्रूझमध्ये जवळपास मधे, ग्लाइडमध्ये किंचित डावीकडे, हे निरोगी विमानाचं लक्षण. प्रोपेलरचा झोत शेपटीवर डावीकडून आदळतो, तो फिनच्या (रडरच्या पुढच्या स्थिर, उभ्या पात्याच्या) मुळातल्याच तिरकेपणाने फक्त एका पॉवरला बरोबर सांभाळला जातो. तिन्ही अवस्थांत बॉल उजवीकडे तितकाच राहिला, तर काहीतरी वाकडं आहे. (टायगर मॉथ किंवा चिपमंक या विमानांवाल्यांनी दिशा उलटी वाचावी. त्यांच्या जिप्सी मेजर इंजिनाचा प्रोपेलर उलटा फिरतो, तिथे टेकऑफला डावं पेडल लागतं.)

याच उड्डाणात आणखी एक चाचणी करायची, आणि ती फार कमी लोक करतात. क्रूझमध्ये डावं पेडल थोडं दाबून हळूच सोडायचं, बॉल बघायचा. मग उजवं दाबून सोडायचं. दोन्ही वेळा बॉल एकाच जागी परतला पाहिजे. वेगवेगळ्या जागी थांबला तर रडरच्या यंत्रणेत घर्षण आहे. अशा रडरवर टॅब कितीही वाकवा, रडर जिथे सोडाल तिथेच अडून बसतो. आमच्या कबमध्ये नेमकं हेच दिसलं.

शेपटी स्टँडवर घेऊन टेलव्हीलला (शेपटीखालच्या चाकाला) रडरशी जोडणाऱ्या साखळ्यांच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या, तसा रडर बोटाने हलायला लागला. एका बाजूची साखळी दुसरीपेक्षा ताठ होती. जमिनीवर हे जाणवत नाही, कारण तिथे पाय पेडलवरच असतात. हवेत मात्र ती स्प्रिंग रडरला एका बाजूला खेचत राहते. टेलव्हील आणि रडर दोन्ही सरळ धरून दोन्ही साखळ्या सारख्या केल्या. केबलला वाट देणारे फेअरलीड पुसले, पुली फिरतात का पाहिलं, बिजागरांना तेल दिलं आणि पेडलच्या परतीच्या स्प्रिंगांचा ताण जुळवला. कबचा फिन धडाच्या नळ्यांनाच वेल्ड केलेला असतो, तो हलवता येत नाही. पण शेपटीच्या ताणतारांचा ताण असमान असेल तर फिन कलतो. ओळंबा धरून टेलपोस्ट (रडर ज्यावर बसतो ती शेपटीची उभी नळी) उभी आहे का, ते बघावं.

राहिला पंख. पायाने बॉल मधे धरून स्टिक सोडायची. डावा पंख खाली गेला तर तो जड आहे. तो उचलून धरायला डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचं हलतं पातं) खाली राहतं, त्या बाजूचा ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो आणि नाक डावीकडे जातं. त्याला रडरचा दोष समजू नये. कबला नाकात एकच १२ गॅलनची टाकी असल्याने इंधनाचं पारडं झुकण्याचा प्रश्न नाही. इलाज मागच्या स्ट्रटच्या (पंखाला धडाशी बांधणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) खालच्या टोकाच्या फोर्कवर, म्हणजे आट्यांनी आत-बाहेर होणाऱ्या दुबेळक्यावर : फोर्क आत गेला की स्ट्रट आखूड होतो, पंखाची मागची कड खाली येते, उचल वाढते. एका वेळी अर्धा फेरा, मग उड्डाण. फोर्कचे पुरेसे आटे आत राहिलेच पाहिजेत. या स्ट्रट-फोर्कवर एफएएची (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेची) बंधनकारक तपासणी आहे, म्हणून हे काम परवानाधारक मेकॅनिकच्या हातूनच.

एवढं झाल्यावर उरली ती थोडीशी ओढ टॅबची. दिशा बॉलच्या उलट : बॉल उजवीकडे, तर टॅब डावीकडे. हवा टॅबला उजवीकडे ढकलते, त्याबरोबर रडर उजवीकडे जातो. जुळणी क्रूझसाठीच करावी. चढणीसाठी केली तर प्रत्येक ग्लाइडमध्ये डावा पाय अडकून पडतो. पत्रा मऊ अॅल्युमिनियमचा हवा. कडक २०२४-टी३ पुन्हापुन्हा वाकवला की घडीवर तडकतो. पक्कड लावू नये, दोन लाकडी पट्ट्यांत धरून वाकवावा. अडीच इंच रुंद टॅबचं टोक १/८ इंच सरकलं म्हणजे साधारण ३ अंश. एका वेळी एवढंच. २० अंशांच्या पुढे गेलात तर हवा टॅबला सोडून देते आणि नुसता ड्रॅग वाढतो. मात्र टॅब उगाच मोठाही नको : बिजागराच्या मागे वजन वाढलं की फ्लटरचा (रडर जोरात थरथरून मोडण्याचा) धोका. टॅब नवा असेल तर रडरवरच्या कापडाला ठिगळ, डोप (कापड ताठ करणारा लेप) आणि कागदोपत्री मंजुरी, तिन्ही लागतात.

शेवटी कोन मोजून लॉगबुकात लिहिला. हँगरमध्ये शेपटीकडून विमान ढकलताना कुणाचा तरी हात टॅबवर पडतोच. तेव्हा पुन्हा जुळवायला हा आकडा लागतो.