मराठीच्या फाइलमधल्या गहाळ कीज

गुरुवार, रात्री

दिवसभर भाषांतराच्या फाइलींमध्ये डोकं घालून बसले होते. प्रकल्प रेल्सचा (वेबसाइट बनवायची चौकट), इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन यामल फाइली; त्यांत पडद्यावरच्या प्रत्येक मजकुराला एक नाव असतं, तीच 'की'. 'आयएटीनएन-टास्क्स' या भाषांतरं तपासणाऱ्या साधनाला 'मिसिंग' म्हटलं की गहाळ कीजची यादी येते. इंग्रजीत आहे पण मराठीत नाही, किंवा कोडमध्ये वापरली आहे पण कुठल्याच फाइलीत नाही. हे काम यंत्र चोख करतं.

अडचण वेगळीच आहे. रेल्सच्या व्ह्यूमध्ये, म्हणजे पानाच्या टेम्प्लेटमध्ये, की सापडली नाही तरी पान फुटत नाही. कीच्या नावाचा शेवटचा तुकडा नीटनेटका करून छापला जातो. नाव 'एम्प्टी_स्टेट' असेल तर पडद्यावर 'एम्प्टी स्टेट' दिसतं, आणि 'ट्रान्सलेशन_मिसिंग' हा एचटीएमएल क्लास फक्त ब्राउझरमध्ये पानाचा कोड उघडून बघणाऱ्याला दिसतो. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या साइटवर, फॉलबॅक (की नसेल तर मूळ भाषेतलं वाक्य दाखवणं) चालू असला तर सरळ इंग्रजी वाक्यच येतं. आम्ही ते सहज वाचून पुढे जातो. पण पैसे परत कधी मिळणार हे शोधणारा, मुद्दाम मराठी निवडलेला माणूस तिथेच अडतो. हे मला अजिबात पटत नाही. म्हणून टेस्टच्या सेटिंगमध्ये गहाळ कीवर एरर द्यायला लावली. बिल्ड लाल झाला, म्हणजे चाचण्या फसल्या, तर होऊ दे.

त्याहून लबाड प्रकार म्हणजे मराठीच्या फाइलीत चिकटवलेलं इंग्रजी. की जागेवर असते, त्यामुळे 'मिसिंग' गप्प बसतं. त्यासाठी त्याच साधनाचं 'इक्यू-बेस' चालवलं. मूळ भाषेशी हुबेहूब जुळणारी मूल्यं ते दाखवतं. ओटीपी, पीडीएफ वगैरे वगळून उरलेली, ती खरोखर भाषांतर राहून गेलेली. पण मराठीत शिरलेली हिंदी यातूनही सुटते. लिपी एकच, त्यामुळे देवनागरी अक्षरं तपासूनही उपयोग नाही. शेवटी 'करें' आणि 'है' शोधले, तेव्हा एका बटणावर 'रद्द करें' निघालं.

न वापरलेल्या कीजची यादी मात्र मी हात राखूनच वाचते. ऑर्डरच्या स्थितीचं नाव कोडमध्ये चालता चालता जोडलं जातं: 'ऑर्डर्स.स्टेटस.' आणि पुढे डेटाबेसमधून येईल ते. काटेकोर शोधात अशा कीज वापरात धरल्याच जात नाहीत. 'पार्शली_रिफंडेड' (काही पैसे परत केलेले) ही स्थिती क्वचितच येते. ती की उडवली तर महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि येईल तेव्हा समोर पैशासाठी ताटकळलेला ग्राहक असेल. अशा कीज वापरात असल्याचं सांगणारी 'आयएटीनएन-टास्क्स-यूज'ची कॉमेंट त्या ओळीवर लिहून ठेवली.

बाकीच्यांसाठी 'गिट लॉग'ला (कोडमधल्या बदलांचा इतिहास) 'एस'चा पर्याय देऊन त्यांचा शेवटचा वापर कधी निघाला ते बघतेय. जुन्या कूपन योजनेच्या कीज निर्धास्तपणे काढल्या. ईमेलच्या टेम्प्लेटमधल्या तशाच ठेवल्या आहेत. उद्या सपोर्टवाल्यांना विचारून मगच हात लावेन.